साठवणीची लाईट

तराजूत न घातलेल्या वस्तूवर मन्मथप्पांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. गूळ असो, मीठ असो, शेंगदाण्याची पेंड असो, काट्याला लागल्याशिवाय खरं काही नाही. लग्न होऊन घरात आले त्या दिवशी मला काट्यावर उभं केलं नाही एवढीच यांची कृपा, असं दानम्मा अजून म्हणते. असा माणूस एक ना एक दिवस लाईटसुद्धा काट्यावर घालणार, यात तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लाईट वजनात भरली.

परळीहून धर्मापुरीला जाताना त्यांचं गाव लागतं. पुढं किराणा दुकान, मागं घर आणि मध्ये गोदाम. रात्री माळवदावर अंग टाकलं की परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे दिवे दिसतात. कुठकुठल्या मुलखाची लाईट तिथं शिजते म्हणतात, आणि शेजारच्या गावात मात्र रॉकेलची चिमणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या सालांत गावात सगळं येत होतं. एसटीडीचा पिवळा बूथ आला, पुडीतला शांपू आला, कुणाकडं रंगीत टीव्ही आला. लाईट मात्र यायची तेवढीच यायची, आणि आली की जायची घाई करायची.

कावेरीच्या लग्नात असंच झालं. कावेरी ही या दोघांची एकुलती एक लेक. उदगीरच्या अडत व्यापाऱ्याच्या घरात दिली. सासरे बसवेश्वरअप्पा, तालेवार माणूस, धोतर असं पांढरं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. पंगत बसली आणि लाईट गेली. वाढप्यानं अंदाजानं वरण वाढलं ते पत्रावळीऐवजी धोतरावर. वरण चांगलंच गरम होतं.

मांडवात सगळे हसले, बसवेश्वरअप्पाही हसले. पण सासरी गेल्यावर कावेरीला ते वरण रोज वाढलं जाऊ लागलं. भाजीत मीठ जास्त झालं की सासू म्हणायची, "अंधारात टाकलं का गं?" पोरीनं बटण दाबलं की म्हणायची, "सूनबाईला लाईटचं लई कौतुक. माहेरी बघितली न्हाई ना." पहिल्यांदा कावेरीनं हे हसत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती हसली नाही. तिसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही, आणि तेव्हा दानम्माच्या काळजाला ते लागलं.

मन्मथप्पांनाही लागलं होतं. माणूस चिक्कू, पण लेकीवर जीव. कावेरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, "बारशाला व्याही येतील. त्या रोजी माझ्या घरात अंधार झाला तर मी मिशा काढीन." दानम्मा म्हणाली, "मिशा काढून लाईट येती व्हय?" दिवाळीच्या पाडव्याला मन्मथप्पा लातूरला गेले आणि इन्व्हर्टर नि भलीमोठी बॅटरी घेऊन आले. गंमत म्हणजे बसवेश्वरअप्पांनाही सोबत नेलं होतं. व्याह्यानं घेतलेली वस्तू आपल्याकडं नसावी हे त्यांना कसं खपणार? त्यांनीही तीच घेतली, त्याच दुकानातून, जुळ्यातली दुसरी.

दुकानदारानं दोघांना बजावलं होतं, "बॅटरी वापरात ठेवा. बंद ठेवायची झाली तरी पंधरा दिवसाला चार्ज करा, आत पाणी बघत जा." दुकानाबाहेर आल्यावर मन्मथप्पांनी डोळा मिचकावला. "मी बी गिऱ्हाइकाला सांगतो, तेल रोज लावा. कावून? बाटली लौकर संपावी म्हणून."

"लेकाचा पाणी इकायला बसलाय," बसवेश्वरअप्पा म्हणाले. दोन्ही व्याह्यांचं शहाणपण एकाच मापानं मोजलेलं होतं.

तेव्हा बॅटरी काठोकाठ चार्ज करून मन्मथप्पांनी तिच्या तारा सोडल्या. लाकडी खोक्यात भुसा घालून तिला बसवलं, खोका सुतळीनं बांधला, त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि गोदामात तुरीच्या पोत्यांवर ठेवून दिला. भाव पडलेला असताना माल भरायचा, टंचाईत बाहेर काढायचा, हा त्यांचा धर्म. तूर टिकते, गूळ टिकतो, मग लाईट का टिकू नये? गोदामाची किल्ली त्यांच्या करदोड्याला आली. इन्व्हर्टर दुकानात फळीवर, दानम्मानं विणलेल्या रुमालाखाली, नुसता बघायला.

"एवढी आणलीया तर एक बल्ब तरी लावा की," दानम्मा म्हणाली.

"लोणच्याच्या बरणीत ओला हात घालतेस का? बारशापर्यंत हात लावायचा न्हाई."

आणि दर अमावस्येला खोका गोदामातून बाहेर यायचा, पोती तोलायच्या मोठ्या काट्याला टांगला जायचा. वजन जसंच्या तसं. "एक गुंज हलली न्हाई," म्हणत ते मिशीवरून हात फिरवायचे. लाईट उडून गेली असती तर वजन घटलं असतं, इतका साधा हिशोब. बायकोलाही तो पटला नाही असं नाही. तिलाही वाटायचं, असेल बाबा आत.

आता भिवराबाईची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढची सगळी पापं तिच्या डोक्यावरून वाहिलेली आहेत. दानम्माच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तरुणपणी कितीतरी हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी. नवरा पंडित आता काळी-पिवळी जीप चालवायचा, रोज परळीच्या फेऱ्या. मार्गशीर्षात भिवराबाईच्या घरी खंडोबाचं जागरण होतं आणि ऐन वेळी लाईट गेली. ती भिंतीवरून डोकावली.

"आक्का, विरजणाला दही मागत न्हाई आज. जरा लाईट द्या."

दानम्माला विरजण मागणारीला नाही म्हणता येत नसे. त्यात नवऱ्यावरचा राग होताच. पण किल्ली? किल्लीची सोय देवानंच करून ठेवली होती. मन्मथप्पा सकाळ-संध्याकाळ आंघोळ करून, ओलं नेसून ओसरीवर लिंगपूजेला बसायचे. करदोडा सोडून सगळं खुंटीवर, आणि पूजेत किल्लीचा लोखंडी स्पर्श नको म्हणून तीही खुंटीवर. डाव्या तळव्यावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर खिळलेली, आणि तोंडातून शब्द नाही. घराला आग लागली तरी पूजा संपल्याशिवाय हा माणूस बोलायचा नाही. तेवढ्या वेळात गोदाम उघडलं, बॅटरी गेली, खोक्यात पाटा बसला, सुतळी नि विभूती जशीच्या तशी झाली, गोदाम बंद झालं. पंडितनं जीपचा बल्ब जोडला आणि जागरण उजेडात झालं.

दुसऱ्या दिवशी भिवराबाईनं बॅटरी परत आणली. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून तिच्यावर ओंजळभर ज्वारी ठेवली होती.

दानम्मानं ज्वारी बघितली, बॅटरी बघितली. "भिवराबाई, मी तुला लाईटनं भरलेलं भांडं दिलतं. तू ज्वारी आणलीस. ही काय भरून देणं झालं?"

भिवराबाईनं जीभ चावली. "चुकलं बघा आक्का." पाटीत बॅटरी, वर गोणपाट, पाटी डोक्यावर, की चालली जीपकडं. पंडितनं ती परळीला चार्जिंगवाल्याकडं नेली. त्यानं तिला पाणी पाजलं, रात्रभर चार्जिंगला लावली आणि ती तुडुंब भरून घरी आली. तेव्हापासून रिवाज पडला. भिवराबाईनं न्यायची, वापरायची, परळीहून भरून आणून द्यायची. आणि दानम्मानंही तिचा डबा कधी रिकामा जाऊ दिला नाही, शेंगाची चटणी असायचीच. दोघींना वाटत होतं की आपण चोरी करतोय. चोरीची मजाही येत होती, खोटं कशाला बोला.

चैत्रात कावेरी परळीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. मायलेकी घरी आल्या तेव्हा ऊन असं की माळवदावर पापड टाकला तर भाजून निघावा. लाईट नाही, पंखा नाही. बाळ घामानं चिंब, कावेरी पदरानं वारा घालून थकलेली. दानम्मा नवऱ्याला म्हणाली, "आता तरी काढा ती बॅटरी. नातीसाठी."

"नातीसाठीच ठेवलीया," मन्मथप्पा कळवळून म्हणाले. "चार रोज कळ काढा. बारशाला व्याह्याच्या तोंडावर उजेड मारायचाय."

दानम्मानं कळ काढली नाही. संध्याकाळच्या पूजेत बॅटरी बाजेखाली गेली, आणि पंडितनं जीपमध्ये स्वतःसाठी बसवलेला छोटा पंखा काढून तिला जोडून दिला. बाळ त्या वाऱ्यात गाढ झोपलं. कावेरी रडली थोडी, मग हसली. "आई, अप्पांना कळलं तर?"

त्याचा बंदोबस्त दानम्मानं करून ठेवला होता. नातीला बघायला मन्मथप्पा दाराशी आले तशी ती आडवी झाली. "बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी यायचं न्हाई. विटाळ असतो."

मन्मथप्पा चक्रावले. "अगं, आपल्या लिंगायतांत कुठं पाळतात विटाळ?"

"भिवराबाईकडं पाळतात."

"मग भिवराबाईच्या घरी पाळू दे!"

"शेजारधर्म हाय," दानम्मा म्हणाली आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर बाळाला बाहेर आणून त्यांच्या मांडीवर द्यायची, ते तिच्याशी बोबडं बोलत बसायचे, आणि दानम्माला जरा वाईटही वाटायचं.

पाटा-वरवंटा आता खोक्यातच मुक्कामाला होता. पहिल्या वेळी तिला वजन कमी वाटलं म्हणून तिनं वरवंटाही घातला, शिवाय फडक्यात थोडं मीठ. चैत्री अमावस्येला खोका काट्यावर गेला आणि मन्मथप्पांचे डोळे चमकले. "भरली! अगं, भरली! वजन वाढलं!"

"असं कसं?" दानम्मानं विचारलं.

"जुना माल हाय. मुरलाय."

त्यांना चटणी खरबरीत लागायची, कारण ती भिवराबाईच्या पाट्यावरची. आपला पाटा कुठाय, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, झिजून गुळगुळीत झालाय, वडारणीकडं टाकी लावायला दिलाय.

बॅटरी दर दोन-चार दिवसांनी परळीला जाऊन यायची, आणि जायची वाट ओसरीवरून, थेट मन्मथप्पांच्या नाकासमोरून. भिवराबाई डोक्यावर पाटी घेऊन जायची. ते पूजेतून "हूं?" करायचे. दानम्मा म्हणायची, "गोवऱ्या नेती. तुमी देवाकडं बघा."

वैशाखात बारसं ठरलं. रात्री काही कमी पडू नये म्हणून दानम्मानं सकाळीच बॅटरी परळीला धाडली, आणि तिथंच तिचं चुकलं. दुपार झाली, जीप नाही. पाहुणे आले. बसवेश्वरअप्पा दोन जीपा भरून आले. नव्या धोतरात, आणि मागच्या जीपमध्ये हार घातलेली त्यांची बॅटरी नि इन्व्हर्टर.

"आमची बी आणलीया, मन्मथप्पा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दिवाळीपासून हात लावला न्हाई तिला. तुमच्या गावात असावी आपली जवळ. धोतर नवं हाय."

पाहुणे खो खो हसले. मन्मथप्पाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दानम्माला दिसल्या. "तुमच्या बॅटरीची गरज पडणार न्हाई," ते म्हणाले. "एवढी पूजा करतो, मग खोका उघडतो."

आणि ते पूजेला बसले. आज नेमकी मोठी पूजा. खोक्यात पाटा, बॅटरी रस्त्यावर, आणि पूजा संपली की सगळ्या उदगीरसमोर खोका उघडणार. आपली चोरी उघडी पडेल त्याचं तिला काही नव्हतं. नवरा ओरडेल, ओरडू दे. पण कावेरी पुन्हा अंधारातली सून होऊन परत जाणार, तीही आईच्या हातानं.

तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात कावेरीच्या सासूचा आवाज आला, "चला. सूनबाईच्या माहेराला पोचलो हे आता कळलं." हसण्याची लाट आली. पाळण्याशेजारी चिमणीच्या उजेडात कावेरीनं मान खाली घातलेली दानम्माला दिसली, आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं तिला.

"घाबरू नका, आमची जोडा!" बसवेश्वरअप्पा गरजले. त्यांच्या ड्रायव्हरनं तारा जोडल्या. इन्व्हर्टरनं एकदा बारीक कुंई केलं आणि गप्प झाला. पुन्हा जोडल्या. आता कुंईसुद्धा नाही. "अरे, तार उलटी लावलीस का बे?" तार सुलटी होती. बॅटरी हार घालून थंड पडली होती.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पंक्चर झालेली जीप एकदाची आली होती. भिवराबाई अंगणातूनच पाटी डोक्यावर घेऊन धावली. समईच्या उजेडात ओसरीवर मन्मथप्पा बसलेले, आणि घाईत पाटीवरचं गोणपाट घसरलेलं. बॅटरी उघडीवाघडी त्यांच्यासमोरून चालली. त्यांची नजर तळव्यावरून उचलली गेली. "हूं? हूं! हूंऽऽ!"

"देवाकडं बघा!" दानम्मा ओरडली.

पंडितनं दुकानात जाऊन तारा जोडल्या. ट्यूब एकदा फडफडली आणि लख्ख लागली. पाळण्यावरचा पंखा फिरायला लागला, झुरमुळ्या हलल्या, आणि बाळानं जांभई दिली. सगळ्या गावात अंधार आणि एवढ्या एका घरात उजेड. कावेरीनं मान वर केली.

पूजा आटोपून मन्मथप्पा आले ते उजेड बघूनच विरघळले. "हूं"चं काय झालं ते विसरले. "खोका कुणी उघडला?"

"मी," दानम्मा म्हणाली. "पाहुणे खोळंबलेले."

"बघितलं का, अप्पा?" ते व्याह्याकडं वळले. "सात महिने मुरवलेली लाईट हाय ही! काट्यावर वाढलेली. खोटं वाटतं? थांबा. बारदानाचं वजन वजा करून नक्की आकडा सांगतो." व्यापाऱ्याला रिकामं पोतं, रिकामा खोका तोलून वजा केल्याशिवाय चैन पडत नाही. दानम्मा "अहो, अहो" म्हणेपर्यंत ड्रायव्हर नि एका पाहुण्यानं खोका गोदामातून आणलादेखील, चांगला कण्हत. काट्याला टांगला.

रिकाम्या खोक्याचं वजन भरलेल्या खोक्याएवढं भरलं.

मन्मथप्पा काट्याकडं बघत राहिले. आतून बायका ओरडत होत्या, "वरवंटा आणा गं! पाळण्यात आधी वरवंटा घालायचाय!" बाळाच्या आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून द्यायचा, त्याशिवाय कुठलं बारसं? "भिवराबाई, तुझा दे!" "माझा फुटला की मागच्या आठवड्यात!"

मन्मथप्पांनी सुतळी तोडली. भुसा बाजूला केला. पाटा. मिठाचं फडकं. वरवंटा.

त्यांनी दानम्माकडं बघितलं. हिशोबाला त्यांना कधीच वेळ लागत नसे, आणि एकेक रक्कम त्यांच्या चेहऱ्यावर मांडली जाताना तिला दिसली. भिवराबाईच्या गोवऱ्या. बाळंतिणीचा विटाळ. टाकी लावायला गेलेला पाटा. पंडितच्या जीपमधला नाहीसा झालेला पंखा. खरबरीत चटणी. मग त्यांनी बसवेश्वरअप्पांची हार घातलेली बॅटरी बघितली, जी कुणी चोरली नव्हती. दानम्मानं पदर तोंडाशी धरला. ती भ्यालीही होती आणि तिला हसूही फुटत होतं.

मन्मथप्पांनी वरवंटा उचलला, खांद्यावरच्या उपरण्यानं भुसा पुसला आणि आत हाक दिली, "हा घ्या वरवंटा. सांभाळून ठेवलाय."

"पन मन्मथप्पा," बसवेश्वरअप्पा कासावीस झाले होते, "एका दुकानातली, एका रोजीची. आमी बी तुमच्यासारखीच जपली. तुमची चालली आन आमची मेली. कावून?"

मन्मथप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "अप्पा, जपण्यात काही कमी न्हाई तुमच्या. तुमच्या घरात चोर न्हाई, एवढाच फरक."

बसवेश्वरअप्पांना काही उमजलं नाही. पण पाळण्यापाशी उभ्या त्यांच्या बायकोला सगळं उमजलं. वरवंटा पाळण्याखालून एका हातातून दुसऱ्या हातात फिरला, आत्यानं बाळाच्या कानात रुचिका नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. वरवंटा परत कावेरीच्या हातात देताना सासू खाली वाकली आणि तिच्या कानात हळूच म्हणाली, "सूनबाई, आपल्या गोदामाची किल्ली ह्यांच्या उशीखाली असती, बरं का."